नवरदेव पानं

हातात एक्का आणि बादशहा आला, पण जोडी नाही, अशा पानांना मामा 'नवरदेव' म्हणत. "बाशिंग बांधलं, नवे कपडे घातले, घोड्यावर बसला. आता सांग, लग्न लागलं काय?" असं ते नव्या खेळाडूला विचारत. तो नाही म्हणाला की म्हणत, "मंग एवढा खुश काहून हून राह्यला? नवरी अजून मांडवात याची हाय."

मामा माझे नात्याने कोणी लागत नव्हते. ते यवतमाळ-नेर गाडीचे ड्रायव्हर आणि मी त्याच गाडीचा कंडक्टर. राज्यांची नवी मांडणी होऊन आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नोकरीला लागलो. मी मारेगावकडचा, मॅट्रिक पास, वय एकवीस. सगळे त्यांना मामा म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. नेरजवळच्या एका तांड्यावरचे ते बंजारा. वय पंचेचाळिशीच्या आसपास, पण डोकं सगळं पांढरं. "आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, बानं बंडीतून सरकी वाह्यली, अन् मी मानसं वाहून राह्यलो," असं ते म्हणत. "धंदा तोच हाय. फक्त हे मीठ लय बोलते."

मोठ्या लढाईत ते आसामात फौजेच्या ट्रकवर होते. डोंगर फोडून ब्रह्मदेशाकडे जो रस्ता नेला, त्याच्यावर त्यांनी दोन पावसाळे काढले. त्याबद्दल कोणी विचारलं तर एवढंच सांगत, "चिखल होता." लढाईतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, बूट काढून गाडी चालवायची सवय. त्यांचे बूट सीटखाली शेजारी शेजारी उभे असत, जणू तिथे आणखी कोणी बसलं आहे. आणि दुसरा, पत्त्यांचा एक खेळ.

त्यांच्या रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाला नाव होतं. ती नावं त्यांनीच ठेवलेली. ज्या वळणावर एका बाईला उलटी झाली ते 'सोयरेबाईचं वळण', कारण ती बाई आपल्या सोयऱ्यांच्या अंगावर ओकली होती. एका ठिकाणी कोण्या म्हाताऱ्यानं पागोटं उडालं म्हणून गाडी थांबवायला लावली, ते 'पागोटं'. मला ती नावं पाठ करायला लावली. "तुले इचारलं, गाडी कुठी आली, तं मैलाचा दगड नोको सांगू. दगड कोनाले समजते?"

गाडी सकाळी साडेअकराला नेरला पोचायची आणि परतीला तीनला निघायची. मधला वेळ आम्ही कापूस बाजाराच्या फाटकासमोरच्या हॉटेलात काढत असू. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि मागे पडवी. त्या पडवीत मामांचा डाव बसायचा. आम्ही चौघे: मामा, मी, हॉटेलवाला आणि बाजारातला एक मापारी, जो कापसाच्या गाड्यांचं वजन करायचा आणि बोलतानाही जोखून बोलायचा. पैशाचं नाव काढायचं नाही अशी मामांची अट. डाव सरकीवर. हॉटेलवाल्याच्या म्हशींसाठी आणलेल्या पोत्यातून प्रत्येकानं दोन मुठी घ्यायच्या आणि उठताना परत टाकायच्या. म्हशींनी कधी तक्रार केली नाही.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मग मध्ये तीन पानं उघडी, ती सगळ्यांची. मग चौथं, मग पाचवं. आपली दोन आणि मधली पाच, यांतून ज्याची पाच पानं भारी त्याची सरकी. प्रत्येक टप्प्यावर कोणीही सरकी पुढे सरकवायची. बाकीच्यांनी तेवढी भरायची, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. या खेळाला आमच्याकडे नाव नव्हतं. मामांनी तो लढाईत एका अमेरिकन ट्रकवाल्याकडून उचलला होता, म्हणून नेरात त्याला 'लढाई'च म्हणत. पत्त्यांच्या जोडात चौकटची दुर्री नव्हती. तिच्या जागी सिगारेटच्या पाकिटाचा कापलेला तुकडा होता. तो कोणाच्या हातात आहे हे पाठीवरूनच सगळ्यांना दिसायचं, आणि ज्याला तो मिळे तो निमूट पानं टाकी.

मामा शिकवायचे फार चांगलं. विशेषतः नवरदेव कसा खेळायचा ते. मधली तीन पानं उघडली आणि त्यांत ना एक्का ना बादशहा, तर काय करायचं, यावर त्यांचं पूर्ण शास्त्र होतं.

"पह्यले मानसं मोज," ते म्हणत. "समोर दोघं-तिघं असतीन, तं कोनाचं ना कोनाचं जुळलंच असन. पानं ठेव अन् चहा पी. समोर एकटाच असन, तं मधातली पानं पाह्य. सत्ती, तिर्री, राणी, तिघी तीन गावच्या, एकमेकीले वळखत नाई, तं त्याचंबी जुळलं नसन. एकदा इचारून पाहाचं. दहा सरक्या पुढं कराच्या. तो उठला तं डाव तुहा. नाई उठला, त्यानं दहा भरल्या, तं समजाचं का त्याच्या घरी कोनी हाय. मंग दुसऱ्यांदा दार वाजवाचं नाई."

"अन् मधात नव्वी, दश्शी, गुलाम अशी लायनीत आली तं?" मी विचारलं होतं.

"लायनीत आली, का तिन्ही बदामाची आली, तं इचाराचंबी नाई. तिथं दुसऱ्याचं लगन लागून राह्यलं. आपन कायले घोडा नाचवाचा? तीनदा नवरदेव आला तं एकदा नवरी येते. दोनदा नाई. हे ध्यानात ठेवलं तं पुरे."

हे सगळं खरं होतं. मी ते सरकीवर ताडून पाहिलं. मामांचं ऐकून खेळलो की माझा ढीग वाढायचा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. मामा स्वतः यातलं काहीच करत नसत. त्यांच्या हातात नवरदेव आला आणि तीन पानांत जुळलं नाही, तर समोर एकटा असो की तिघे, ते विचारून पाहत नसत. पानं उलथी ठेवत आणि दोन बोटांनी दूर सारत. दरवेळी. इतर पानं ते हुशारीनं खेळत, जोडी असली तर मापाऱ्याला रडवत, पण नवरदेव नाही. मापाऱ्यानं एकदा छेडलं, "मामा, सगळ्याईले औषध देता, अन् सोता घेत नाई."

"मले ते पचत नाई," मामा म्हणाले, आणि पत्ते पिसायला घेतले.

गाडीच्या बाबतीतही त्यांचं असं एक होतं. नव्याण्णव दिवस त्यांच्याइतका शांत ड्रायव्हर नाही. आणि शंभराव्या दिवशी ते मधेच थांबत. त्या थांबण्याची एक गोष्ट पुढे यवतमाळच्या डेपोत बरेच दिवस सांगितली जात होती.

लग्नसराई होती. गाडीत नेरला जाणारं वऱ्हाड भरलं होतं. नवरदेव, त्याचा बाप, बँडवाल्यांचा ढोल, टोपल्या, सगळं. लोहारा मागे पडला आणि पुढच्या उतारापाशी मामांनी गाडी बाजूला घेतली. ब्रेकवर तीन-चारदा पाय दाबला. मग बूट घातले आणि खाली उतरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मले पसंत नाई."

"काय पसंत नाई?"

"तेच तं समजून नाई राह्यलं. मानसं खाली उतरव."

माणसं उतरली. ऊन मी म्हणत होतं. नवरदेवाच्या बापानं आधी विनवण्या केल्या. मुहूर्त टळेल म्हणाला. मग चिडला. "फौजेत होता म्हनते, अन् या उताराले भेते?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. मामा कडुनिंबाखाली उभे होते. "हो, भेतो," ते म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या गाडीनं जा, दाजी. लगन लागनं महत्त्वाचं." अमरावतीला जाणारी मागची गाडी आली तिच्यात नवरदेव, बाप आणि बायका कोंबल्या. बाकीचं वऱ्हाड ढोलासकट दोन तास झाडाखाली बसलं.

यवतमाळहून मिस्त्री आला. त्यानं ब्रेक खोलले, जोडले, गाडी उतारावरून नेऊन आणली. काही म्हणजे काही निघालं नाही. नंतरही कधी निघालं नाही. ती गाडी पुढे कितीतरी वर्षं त्याच ब्रेकवर धावली. मामांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्याचं उत्तर त्यांनी मला लिहायला सांगितलं. ते म्हणाले, "असं लिही: गाडी चांगली होती, रस्ता चांगला होता, पन माह्या मनाशी जुळलं नाई." मी लिहिलं, 'ब्रेक मऊ लागल्याने प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी'. ताकीद देऊन सोडलं. पण तो नवरदेवाचा बाप म्हणाला ते डेपोत पोचलं होतं, आणि काही दिवस तरुण ड्रायव्हर त्यांच्यामागे हसत. मलाही, खरं सांगायचं तर, त्यांच्या शेजारी बसायची थोडी लाज वाटली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाजार भरात होता. फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग पार हॉटेलापर्यंत आलेली. पडवीत आमचा डाव चालू होता. मला नवरदेव आला: बदामचा एक्का, किलवरचा बादशहा. मधली तीन पानं उघडली. सत्ती, चव्वी, नव्वी. मामांनी पानं टाकली, हॉटेलवाल्यानं टाकली. उरलो मी आणि मापारी. मी शिकल्याप्रमाणे दहा सरक्या पुढे केल्या. मापाऱ्यानं मोजून दहा भरल्या. इथे मी थांबायला हवं होतं. चौथं पान आलं, छक्की. मापाऱ्यानं तीस सरकवल्या. माझ्या हातात नुसतं बाशिंग. पण मला ती दोन पानं टाकवेनात. इतकी देखणी पानं हातात असताना माणूस हरेल कसा, असं वाटतं ना, तसं. मी तीस भरल्या. पाचवं पान आलं, बादशहा.

मापाऱ्यापाशी नव्व्यांची जोडी होती. मी सगळा ढीग ओढला आणि मांडीवर थाप मारली. "पाह्यलं, मामा? शेवटच्या पानावर आली नवरी."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता. ते उठले, बंड्यांच्या मधून वाट काढत गाडीकडे गेले.

"तब्येत बिघडली वाटते," हॉटेलवाला म्हणाला.

मी मागोमाग गेलो. ते आपल्या सीटवर बसले होते. गाडी बंद, बूट पायात, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी इंजिनाच्या झाकणावर बसलो. त्यांनी विचारलं, "तीन पानाईवर उठला काहून नाई?"

"चुकलं, मामा."

"चुकलं असतं तं बरं होतं. तू जिकला." मग म्हणाले, "मीबी जिकलो होतो."

आणि त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो.

"तो अमेरिकन टेक्सास मुलखाचा होता. काळा, आपल्याहूनबी काळा. त्याईच्या फौजेत काळे वेगळे, गोरे वेगळे. जेवाले वेगळे, झोपाले वेगळे. ट्रक मात्र सारखे. रस्त्यावर दरड आली का आमच्या गाड्या अन् त्याईच्या गाड्या दोन-दोन दिवस एकामागं एक उभ्या राहत. तिथं त्यानं मले हा खेय शिकवला. बोलनं तं काही समजे नाई. तो बोट दाखवे, मी मान हालवो. नवरदेव तीन पानाईवर टाकाचा, हे त्यानंच शिकवलं. टाकला नाई तं हातावर चापट मारे.

"एक दिवस दरड मोकयी केली. पन मातीचा भरोसा नाई. एक गाडी पुढं जाऊन पाह्यन, मंग बाकीच्या. सकाळची येळ होती. तो माह्याकडं आला. त्यानं माह्या गाडीकडं बोट केलं, त्याच्या गाडीकडं बोट केलं, एक बोट वर केलं. मंग पत्ते काढले. मी समजलो, दोघाईतून एक जाईन, जो हारन तो जाईन. बोनटवर डाव टाकला. मले नवरदेव. मधातली तीन पानं आली, जुळलं नाई. म्या उठाले पायजे होतं. नियम त्याचाच होता. पन घरी तुही मामी पोटुशी होती, अन् मले ते दोन पानं टाकवेनात. चौथं आलं, नाई जुळलं. पाचवं आलं, एक्का. मी हासलो. त्यानं आपले पत्ते उलथेच जोडात घातले, जोड माह्या हाती देल्ला, माह्या पाठीवर थाप मारली, अन् गाडीत बसला. मैलभर गेला असन. डोंगर आला खाली."

बाहेर कोणी बैलाला हाकलत होतं. मामा म्हणाले, "तीन पानाईवर उठलो असतो, तं पुढं मी असतो. एवढंच हाय. बाकी तुले शिकवलं ते सारं बराबर हाय. फक्त माह्यानं होत नाई."

पुढच्या रजेला ते मला तांड्यावर घेऊन गेले. मामींनी ज्वारीच्या जाड बाट्या आणि लसणाची चटणी वाढली. पोटुशी होत्या तेव्हाची ती मुलगी आता चौदा वर्षांची होती. "याडी, पाहुण्याले पानी देऊ?" असं आईला विचारत होती. मामांनी ट्रंकेच्या तळातून एक पान काढलं. चौकटची दुर्री. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरात त्या माणसाच्या आईचा पत्ता लिहिलेला होता. दरडीत अडकलेले असताना त्यानंच एकदा लिहून दिला होता.

"हे पान मी दोनदा चुलीत टाकत होती," मामी म्हणाल्या. "वाटलं, पोरीनं कुठून जुगाराचं आनलं. यायनं हातातून हिसकून घेतलं. मले कारन नाई सांगतलं."

"आता सांगून राह्यलो ना," मामा म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "तू मॅट्रिक हाय. त्याच्या मायले लिहितं काय?"

माझं इंग्रजी म्हणजे शाळेत पाठ केलेले अर्ज. 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' यापलीकडे मी कधी कोणाला इंग्रजीत लिहिलं नव्हतं. ते पत्र लिहायला आम्हाला नेरच्या तीन दुपारी लागल्या. मामा सांगायचे, मी जुन्या डिक्शनरीतून शब्द शोधायचो. त्यांना सगळं लिहायचं होतं: रस्ता, दरड, बोनट, तीन पानं, चौथं, पाचवं. मी म्हणालो, "मामा, त्या माउलीले हे कायले? तिचा पोरगा गेला, तिले पत्त्याचं काय?"

"तिले समजलं पायजे, कोनाच्या बदल्यात गेला ते," ते म्हणाले. "मंग तिनं शाप देल्ला तरी चालते. इतके वर्स तिले देवावर राग असन. देवानं नाई केलं ते."

मला भीती वाटली. काय उत्तर येईल आणि ते मलाच वाचून दाखवावं लागेल. तरी लिहिलं. खाली मामांनी मराठीत सही केली. हॉटेलच्या पत्त्यावर उत्तर पाठवा असं कळवलं, कारण डेपोत पत्र आलं असतं तर सगळ्यांनी वाचलं असतं.

पाच महिने काही आलं नाही. मामा विचारत नसत. पण नेरला गाडी उभी केली की आधी हॉटेलवाल्याच्या तोंडाकडे बघत. हॉटेलवाला मान हलवी. डाव चालूच होता. नवरदेव आला की मामा पानं टाकतच होते.

मग ऐन उन्हाळ्यात ते आलं. निळा, पातळ लिफाफा, एका कोपऱ्यात चहाचा डाग, तो हॉटेलवाल्याचा. आम्ही गाडीत जाऊन बसलो. मामांनी दार लावून घेतलं. मी आधी मनात वाचायला लागलो तर म्हणाले, "नाई. जसं हाय तसं, मोठ्यानं."

पत्र बहिणीचं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. ही बहीण वयानं त्याच्याहून लहान, पाच लेकरांची आई, आणि दरवर्षी कापूस वेचायला जाणारी. मी अडखळत अडखळत मराठी करत गेलो.

तिनं लिहिलं होतं: तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघरात बसून वाचलं. लढाई संपल्यावर भावाबरोबरचा एक सैनिक आमच्याकडे येऊन गेला होता. त्यानं सांगितलं होतं, की त्या सकाळी पुढे जायचा हुकूम माझ्या भावालाच होता. आदल्या संध्याकाळीच त्याचं नाव घेतलं गेलं होतं. तुमच्या गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. तुम्ही पत्ते खेळलात हे त्या सैनिकाला ठाऊक नव्हतं, पण आम्हाला नवल वाटलं नाही. माझा भाऊ लहानपणापासून असाच. आई त्याला पाणी आणायला पाठवायची तरी तो आधी आमच्याशी एक डाव खेळायचा, आणि हरलो म्हणून जातो असं म्हणायचा. म्हणजे मग कोणी धाडलं म्हणून गेल्यासारखं त्याला वाटत नसे. तुम्ही तीन पानांवर उठला असतात तरी तोच गेला असता.

मामांनी ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे तो डाव कशाचाच नोहता."

"नाई, मामा."

"तो सोता हाराले आलता."

"तसंच दिसते."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं, त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरेल, चेहरा मोकळा होईल. तसं काही झालं नाही. ते रागावल्यासारखे दिसत होते. "लुच्चा," ते हळूच म्हणाले. "मले सांगतलं असतं तं काय झालं असतं?" आणि मग डोळे पुसले, बाहीनं, दोन्ही.

"अजून हाय," मी म्हणालो.

पत्राच्या शेवटी चार ओळी होत्या. त्या मला वाचवेनात, कारण त्यांत प्रश्न होता. तरी वाचल्या. आईनं मरेपर्यंत एकच गोष्ट विचारली, असं तिनं लिहिलं होतं. सरकारच्या कागदात फक्त तारीख होती. तो सैनिकही त्या वेळी मागे होता, त्याला माहीत नव्हतं. तुम्ही तिथे होतात. माझा भाऊ जाताना एकटा होता का? खरं असेल ते लिहा, वाईट असलं तरी चालेल.

  फाटकातून एक रिकामी बंडी खडखडत बाहेर गेली, तिच्या मागे दुसरी. मी हे विचारू शकलो नसतो. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, की डोंगर आला खाली. मीही गोष्ट तिथेच संपली असं धरून चाललो होतो.

"कागद हाय?" त्यांनी विचारलं.

मी तिकिटांच्या पेटीतून कोरा कागद काढला.

"लिही. मी होतो."

मी लिहिलं.

"लिही, मी पयत गेलो. गाडी उलटी पडेल होती, अर्धी मातीत. म्या हातानं माती काढली. छातीपर्यंत मोकया केला, खाली नाई झाला. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पानी पाजलं, थोडं पेला. कन्हला नाई. हे खरं हाय, तिले बरं वाटावं म्हनून नाई सांगत." ते थांबले. मी शब्द शोधत लिहीत होतो, ते माझ्या पेन्सिलीची वाट बघत होते. "तो बोलत होता. लय बोलला. ऊन डोक्यावर आलं तोवर बोलला. पन इंग्रजीत. मले समजे नाई. काई इचारे, अन् माह्या तोंडाकडं पाहे. मायचं इचारत होता, का घरचं, का मी वाचतो काय असं इचारत होता, मले आजबी ठाऊक नाई. मले त्याचा एकच शब्द येत होता. तो जे जे बोलला, त्या हरेक गोष्टीले म्या यस म्हटलं. शेवटपर्यंत. यस, यस."

मी सगळं लिहिलं. त्या 'यस'च्या वाक्यापाशी मात्र हात थांबला. त्याचं इंग्रजी मला येत होतं, पण ते वाक्य माझं नव्हतं.

"तो शब्द कसा लिहितेत?" मामांनी विचारलं.

मी दुसऱ्या कागदावर काढून दाखवला. तीन अक्षरं. त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली. त्या कागदावर एकदा गिरवून पाहिला, पुन्हा एकदा गिरवला. मग पत्र गुडघ्यावर घेतलं, आणि मी सोडलेल्या जागेत, एकेक अक्षर सावकाश काढत, तेवढा एक शब्द त्यांनी स्वतः लिहिला.